पारीवाचून

वर्ध्याच्या बजाज चौकात मिळत नाही असे सहसा काही नसते, ही माझी जुनी समजूत दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात दूर झाली. पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी डेंग्यूतून उठून विश्रांतीसाठी नालवाडीला आली होती. ताप गेला होता, पण तोंडाची चव गेली होती आणि तिच्याबरोबर बोलणेही. पेज, मुगाचे वरण, डाळिंबाचे दाणे, जे समोर ठेवावे त्यातले दोन घास घेऊन ती ताटली बाजूला सारी. ज्या मागच्या खोलीत तिची आजी शेवटची दोन वर्षे पडून होती, त्याच खोलीत ती भिंतीकडे तोंड करून निजलेली असे. नवव्या दिवशी तिने पहिल्यांदा आपणहून काही मागितले.

“आई, वॉन्टन सूप करशील?”

हा पदार्थ मी कधी खाल्लेला नव्हता. उपाहारगृहातील पदार्थांच्या यादीत हे नाव पाहिले होते, इतकेच. तिने तो मला वर्णन करून सांगितला. पाण्यासारखे नितळ, गरम सूप. त्यात तरंगणाऱ्या लहान लहान पुरचुंड्या. मैद्याची पारी इतकी पातळ की आतले सारण बाहेरून दिसावे. पुण्यात तिच्या खोलीवर ईशान्येकडची एक मैत्रीण राहत असे. ती दर रविवारी हे सूप करी. स्वतःसाठी कोंबडीच्या खिम्याचे आणि माझ्या मुलीसाठी कोबी-अळिंबीचे. पुरचुंड्या वळण्याचे काम दोघी मिळून करीत. ती मैत्रीण आता नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेली होती. हे शेवटचे वाक्य मुलीने भिंतीकडे पाहत उच्चारले, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले.

मी तीन दुकाने पालथी घातली. एकाने शेवया दाखवल्या, दुसऱ्याने मंच्युरियनचा तयार मसाला पुढे केला, तिसऱ्याने “नागपूरला पाहा, मॅडम” असे सांगून विषय संपवला. मग घरीच पारी लाटू असे ठरवून मी मैदा भिजवला. करंजीची पारी माझ्या हाताला ठाऊक आहे. पण करंजीला तुपाचे मोहन असते, तळणीतल्या तेलात ती फुलते आणि घट्ट होते. ही पारी पाण्यात उकळायची होती. जाड ठेवली तर ती आतून कच्ची राही आणि पातळ केली तर लाटतानाच फाटे. ज्या दोन पुरचुंड्या कशाबशा उकळत्या पाण्यापर्यंत पोहोचल्या, त्यांनी तेथे तोंड उघडून सारण सोडून दिले. रात्रीचे आठ वाजले होते. मी खोलीत जाऊन म्हटले, “पारीवाचून करू या का? नुसते सारणाचे गोळे सोडून?”

“मग त्याला वॉन्टन कसं म्हणायचं?” तिने विचारले.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि अनुवाद हा माझ्या अध्यापनाचा विषय आहे. आशय आणि रूप यांचे नाते, रूप उतरवून ठेवून आशय नेता येतो की नाही, हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी तासाची घंटा झाल्यावर पुसते. तोच प्रश्न तापाने सुकलेल्या ओठांनी मला विचारला जाईल असे कधी वाटले नव्हते. त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हते. जे काही सुचले ते स्वयंपाकघरात, दोन दिवसांत आणि एक पातेले वाया घालवून सुचले. ते येथे मांडते.

प्रथम पारीच्या कामाविषयी. वॉन्टनची पारी सारण धरून ठेवते हे उघडच आहे. पण तिचे तेवढेच काम नसते. ती सारणातला रस आत राखते आणि त्यामुळे बाहेरचे सूप नितळ राहते. तिची घडी सैल असते, चुण्यांमध्ये सूप अडकते आणि घासाबरोबर तोंडात येते. शिजल्यावर ती बुळबुळीत, रेशमासारखी होते आणि जिभेवरून न चावताच सरकते. वॉन्टन हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत तो कँटनी बोलीतून गेला. त्या बोलीत तो ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांपैकी एकाचा अर्थ ‘ढग’ आणि दुसऱ्याचा ‘गिळणे’. सुपात तरंगणारी ती पांढरी, विस्कटलेली घडी ज्याने पाहिली आहे त्याला या नावाचे स्पष्टीकरण लागणार नाही. म्हणजे नावातला ढग आहे तो पारीचा आहे. पारी काढली की ढग गेला आणि मागे उरले ते गिळणे.

उत्तर चीनमध्ये याच पदार्थाला ‘हुन्तुन’ म्हणतात. या शब्दाशी ध्वनीने अगदी जवळचा असा ‘हुन्दुन’ हा एक प्राचीन शब्द आहे. त्याचा अर्थ सृष्टीपूर्वीची निराकार, अभिन्न अवस्था. आपल्याकडे नासदीय सूक्त ज्या अवस्थेविषयी प्रश्न विचारते, तिच्याच कुळातली ही कल्पना म्हणता येईल. जुन्या चिनी लेखकांपैकी काहींनी पुरचुंडीच्या अंड्यासारख्या, बंद आकारावरून या दोन शब्दांचे नाते जोडले आहे. च्वांग-त्झू या तत्त्वज्ञाच्या नावे असलेल्या ग्रंथात, सातव्या प्रकरणाच्या अखेरीस हुन्दुनची एक छोटी गोष्ट येते. दक्षिण समुद्राचा आणि उत्तर समुद्राचा असे दोन राजे मध्यभागीच्या हुन्दुन राजाकडे वरचेवर भेटत. तो त्यांचे उत्तम आतिथ्य करी. उपकार फेडावेत म्हणून दोघांनी विचार केला की सर्वांना पाहायला, ऐकायला, खायला, श्वास घ्यायला सात छिद्रे असतात, या बिचाऱ्याला एकही नाही, तेव्हा आपण ती पाडून देऊ. रोज एक याप्रमाणे त्यांनी छिद्रे पाडली आणि सातव्या दिवशी हुन्दुन मेला.

ही गोष्ट मी अनुवादाच्या तासाला सांगत असे. परक्या कृतीला आपल्या मापाची इंद्रिये बसवण्याचा उत्साह तिचा जीव घेतो, असा तिचा सोयीस्कर अर्थ मी लावीत असे. त्या रात्री मी स्वतः काय केले ते आता सांगितले पाहिजे.

सोयाबीनच्या वड्यांचा चुरा कोमट पाण्यात भिजवून पिळून घेतला. त्यात बारीक चिरलेली कोबी, आले, लसूण, कांद्याची पात, मिरपूड आणि मीठ घातले. मुठीत दाबून सुपारीएवढे वीस गोळे केले. ताटात ते देखणे दिसत होते. उकळत्या सुपात वीसही गोळे एकदम सोडले. मिनिटभरात एकेकाच्या कडा सुटल्या, मग सोयाचा चुरा वर आला, कोबी खाली बसली आणि पातेल्यात राखाडी रंगाचा एक गढूळ पसारा उरला. सृष्टीपूर्वीची निराकार अवस्था म्हणतात ती मी प्रत्यक्ष पाहिली. मुलीला मी त्या रात्री दूधभात दिला आणि तिने तो दोन घास खाल्ला.

असे का झाले, याचे कारण साधे आहे आणि ते मला ठाऊक असायला हवे होते. मांसाचा खिमा मीठ घालून एकाच दिशेने घोळला की त्यातली प्रथिने सुटून चिकट होतात. असा गोळा पारी नसली तरी पाण्यात टिकतो. चीनमध्येही नुसत्या मांसाच्या गोळ्यांचे सूप घरोघरी करतात. (त्याला तेथे कोणी वॉन्टन म्हणत नाही, त्याचे नाव वेगळे आहे. या गोष्टीकडे मी पुढे येणार आहे.) कोबी आणि भिजवलेला सोया यांच्यापाशी असे काही नसते. सोयाचा चुरा आधीच एकदा कारखान्यात शिजून, दाबून निघालेला असतो. त्याची बांधून ठेवण्याची शक्ती तेथेच खर्च झालेली असते. त्याला धरून ठेवणारे कोणी तरी बाहेरून आणावे लागते. जो पदार्थ पारीवर अवलंबून आहे त्याचीच पारी मी काढून घेतली होती.

पातेले घासताना मला आईची आठवण झाली. आमची आई वऱ्हाडातली. ‘ळ’ चा ‘य’ करणारी तिची बोली नालवाडीत पन्नास वर्षे राहूनही गेली नाही. कढीगोळे हा तिचा हातखंडा पदार्थ, आणि तिच्या तोंडी तो ‘कढीगोये’ असे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, निथळून, पाण्याचा थेंब न घालता पाट्यावर भरड वाटायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरे, हळद, मीठ, कोथिंबीर. आंबट ताकाची, बेसन लावलेली, फोडणी दिलेली कढी खळखळ उकळत असली पाहिजे. तिच्यात या वाटणाचे गोळे हलकेच सोडायचे. ते आपणहून वर येईपर्यंत पळी घालायची नाही. डाळीतला स्टार्च आणि प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि गोळा स्वतःच स्वतःला धरतो. या पदार्थात पारी नाही आणि कधी नव्हती. आणि प्रत्येक वेळी, हयातभर, आई पहिला गोळा एकटा सोडी. मी घाई केली की म्हणे, “पह्यले एक गोया सोडून पाय. तो राह्यला त मंग बाकीचे.”

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात तिने एकदाच आपणहून खायला मागितले, तेही कढीगोळेच. दात राहिले नव्हते. तिला चावायला लागू नये म्हणून मी डाळ मिक्सरमधून अगदी गंधासारखी वाटली. मिक्सर फिरेना, म्हणून पाणीही घातले. पहिला गोळा एकटा सोडायचे मला सुचले नाही, कारण कॉलेजला जायची वेळ झाली होती. सगळे गोळे विरघळून कढी दाट, पिवळी झाली. मी वाटी भरून तिच्यासमोर नेली आणि “कढीगोळे केलेत गं” असे म्हणाले. तिने दोन चमचे चाखले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पिठलं बरं झालं.” आणि वाटी संपवली.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटण्याऐवजी लाजच अधिक वाटे. माझ्या हातून जे झाले नाही त्याचे नाव मी त्याला दिले होते आणि जे झाले त्याचे खरे नाव तिने शोधून दिले. तिने मला खोटे ठरवले नाही आणि पदार्थालाही नावे ठेवली नाहीत. कढीगोळे म्हणून ते अपेशी होते. पिठले म्हणून ते खाण्याजोगे होते. नाव बदलताच ते अन्न झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला गोपुरीकडे गेले. आमच्या नालवाडीचे नाव ग्रंथांतून येते ते विनोबांमुळे. २५ डिसेंबर १९३२ रोजी ते येथे राहायला आले आणि १९३८ साली प्रकृती अगदी ढासळल्यावर पवनारला धाम नदीच्या काठी गेले. मधल्या वर्षांत, सूत कातून जी मजुरी मिळेल तिच्यातच उदरनिर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. तेथून जवळच, मगनवाडीला, १९३५ मध्ये गांधीजी सोयाबीनचे प्रयोग करीत होते आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहीत होते. तेव्हा हे कडधान्य या भागाला नवे होते. आज जिल्ह्यात जिकडे पाहावे तिकडे कपाशी, तूर आणि सोयाबीन. तरीही सोया सॉसच्या बाटलीतला काळा द्रव आणि कुंपणापलीकडचे हिरवे पीक यांचे नाते आमच्या घरात कोणाला कधी जाणवले नव्हते. परके म्हणून आपण जे दुकानात शोधतो ते पुष्कळदा शेजारच्या शेतात दुसऱ्या नावाने उभे असते.

गोपुरीला गीताई मंदिर आहे. गीताईचे श्लोक कोरलेल्या दगडी शिळा तेथे उघड्यावर ओळीने उभ्या आहेत. माझी मुलगी लहान असताना आजीचे बोट धरून तेथे जाई आणि कोरलेल्या अक्षरांत बोट फिरवून वाचायला शिके. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नसे, उपलब्ध मराठी पद्यानुवादही जड जाई. तेव्हा हे काम तूच का करीत नाहीस, असे तिने मुलाला सुचवले होते. ते घडेपर्यंत ती राहिली नाही. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत विनोबांनी हा अनुवाद केला आणि १९३२ मध्ये, ते धुळ्याच्या तुरुंगात असताना, तो छापून आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते नालवाडीला आले.

या शिळांपुढे मी कित्येकदा उभी राहिले आहे. पण एक साधी गोष्ट त्या सकाळी प्रथमच लक्षात आली. गीतेचा मराठीत ज्या दोघांनी सर्वांत खोलवर संसार मांडला, त्या दोघांच्या रीती परस्परविरुद्ध आहेत. विनोबांनी पारी राखली. श्लोकाला श्लोक, ७०० ला ७००; कमी नाही, अधिक नाही. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये पारी पूर्णपणे उतरवून ठेवली. त्या ७०० श्लोकांच्या सुमारे ९००० ओव्या झाल्या. सारण नव्या रसात सोडले आणि तो रसच मुख्य झाला. समीक्षेत आपण या दोन रीतींपैकी कोणती श्रेष्ठ यावर वाद घालतो. पण दोघांनी एक गोष्ट सारखीच केली आहे. आपल्या कृतीला दोघांनीही ‘गीता’ म्हटलेले नाही. एकीचे नाव गीताई. दुसरीला परंपरा भावार्थदीपिका म्हणते आणि लोक ज्ञानेश्वरी म्हणतात. ज्याने पारी राखली त्यानेही नाव बदलले. त्यात आई आली. ज्याने पारी सोडली त्याची कृती दिव्याच्या नावाने ओळखली गेली. मूळ कृतीचे ऋण प्रत्येक ओळीत मान्य करूनही, ‘हे तेच आहे’ असा दावा नावातून केला जात नाही. हे नम्रतेचे लक्षण आहे असे आपण म्हणतो. मला ते प्रामाणिकपणाचे अधिक वाटते. खाणाऱ्याला आपण काय वाढतो आहोत हे सांगणे हा वाढणाऱ्याचा पहिला धर्म आहे.

च्वांग-त्झूच्या त्या दोन राजांची चूकही मला त्या सकाळी वेगळी दिसली. त्यांनी छिद्रे पाडली हा अपराध आहेच. पण समोर मरत असलेल्याला ते सातही दिवस ‘हुन्दुन’ याच नावाने हाक मारीत राहिले असतील. पहिल्या छिद्रानंतर थांबून पाहण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. एक गोळा सोडून पाहणे त्यांनाही सुचले नाही.

घरी परतताना मनात स्वयंपाकघर मांडले. आमच्याकडे वरणफळे करतात: कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे. म्हणजे सारणावाचूनची पारी. आणि कढीगोळे म्हणजे पारीवाचूनचे सारण. वॉन्टनमध्ये जे एकमेकांना मिठी मारून असते ते आमच्या घरात दोन पातेल्यांत विभक्त नांदत होते. (विदर्भातल्या काही घरांत मोदकाची आमटी करतात, बेसनाच्या पारीत खोबऱ्या-तिळाचे तिखट सारण भरून ते मोदक झणझणीत रश्शात सोडतात. पारी, सारण आणि रस या तिघांची एकत्र वस्ती आपल्याकडे नाही असे म्हणून चालणार नाही. पण तो रस्सा तापातून उठलेल्या जिभेसाठी नव्हे.) मला काही नवे शोधायचे नव्हते. दोन पातेली जवळ आणायची होती.

कृती अशी. अर्धी वाटी मुगाची डाळ दोन तास भिजवावी, चाळणीत पूर्ण निथळावी आणि पाणी न घालता भरड वाटावी. हरभऱ्याऐवजी मूग, कारण तो आजाऱ्याला पचतो. सोयाच्या वड्यांचा अर्धी वाटी चुरा कोमट पाण्यात भिजवून कोरडा होईपर्यंत पिळावा. एक वाटी कोबी अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटे ठेवावी आणि सुटलेले पाणी पिळून काढावे. हे पाणी सुपात घालावे, टाकू नये. हे सगळे एकत्र करून त्यात किसलेले आले, दोन लसणीच्या पाकळ्या, कांद्याची पात, मिरपूड, चवीपुरते मीठ आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालावे. मिश्रण मळू नये, हाताने गोळा होईल इतपतच सारखे करावे. फार मळले तर गोळे दडस होतात.

सुपासाठी सहा वाट्या पाण्यात कोबीचा दांडा, एक गाजर, एक कांदा आणि आल्याचा तुकडा पाऊण तास मंद आचेवर उकळून गाळून घ्यावे. आपल्याकडे रस्सा म्हटले की फोडणी आली. येथे ती नाही. तेलाचा तवंग न येऊ देणे हीच या सुपाची शिस्त आहे. चमचाभर सोया सॉस, मीठ, थेंबभर व्हिनेगर एवढेच. मग मूठभर मैद्याची घट्ट कणीक भिजवून, अर्धा तास झाकून ठेवून, शक्य तितकी पातळ पोळी लाटावी आणि तिचे दोन बोटे रुंद तुकडे कापावेत. त्यात काही भरायचे नसल्यामुळे ती फाटली तरी बिघडत नाही. हात निर्धास्त असला की ती फारशी फाटतही नाही.

सूप खळखळू लागल्यावर मी एक गोळा सोडला आणि पळी खाली ठेवून उभी राहिले. तो तळाशी गेला. दोन मिनिटे काही झाले नाही. स्वयंपाकघरात एवढा वेळ काही न करता उभे राहण्याची मला सवय नाही. मग तो किंचित हलला, एका बाजूने उचलला गेला आणि वर आला. कडा थोड्या सुटल्या होत्या. मी मिश्रणात आणखी चमचाभर कॉर्नफ्लोअर घातले आणि दुसरा गोळा सोडला. तो अखंड वर आला. मग बाकीचे सोडले. वर आल्यावर आणखी तीन-चार मिनिटे शिजू द्यावेत, म्हणजे मुगाचा कच्चा वास राहत नाही. शेवटी पारीचे तुकडे सोडले. ते तीन मिनिटांत शिजून पारदर्शक झाले आणि गोळ्यांच्या अवतीभोवती, कोणालाही न गुंडाळता, तरंगू लागले.

वाटी घेऊन मी मागच्या खोलीत गेले. या वेळी नाव सांगितले नाही. “हे वॉन्टन नाही,” एवढेच म्हटले. “पारी आहे, पण ती वेगळी शिजली आहे. तुझी मैत्रीण करते तसे मला जमले नाही.”

तिने चमच्यात एक गोळा आणि पारीचा एक तुकडा मिळून घेतला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हो, हे ते नाही.” आणखी एक घास घेतल्यावर म्हणाली, “आजीचे कढीगोयेही नाहीत.” तिने उच्चार आजीसारखाच केला. तो शब्द त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी ऐकू आला. मग ती उठून भिंतीला टेकून बसली आणि खाता खाता मैत्रिणीविषयी बोलू लागली. ती पारीच्या कडांना बोटाने पाणी कशी लावते, पहिली पुरचुंडी बिघडली की ती स्वतःच खाऊन कशी टाकते, शेवटच्या रविवारी वळायला मुद्दाम उशीर कसा केला. हे सगळे तिने आधी सांगितले नव्हते. हुबेहूब वॉन्टन तिला त्या दिवशी मिळाले असते तर कदाचित ती गप्प राहून खात बसली असती, असे मला वाटते. जे नव्हते त्याविषयी बोलायला, ते नाही हे आधी कबूल व्हावे लागले. अर्थात, ही माझी समजूत आहे. आजाऱ्याला दहाव्या दिवशी भूक लागते, याला दुसरे कारण नसूही शकेल. तिने दुसरी वाटी मागून घेतली.

अनुवादात हरवते ते काय, हा प्रश्न आता मी फळ्यावर लिहीत नाही असे नाही. पण पूर्वी मी त्याचे उत्तर रूपाच्या बाजूने किंवा आशयाच्या बाजूने द्यायला विद्यार्थ्यांना भाग पाडीत असे. आता आणखी एक विचारते: जे झाले आहे त्याचे नाव काय? पुष्कळ अनुवाद वाईट असतात ते पारी फाटल्यामुळे नव्हे. विरघळलेल्या गोळ्यांची वाटी ‘कढीगोळे’ म्हणून पुढे केली जाते म्हणून. ज्याला वाढले आहे तो आईसारखा असेल तर खरे नाव शोधून देतो आणि वाटी संपवतो. सगळेच वाचक तसे नसतात, आणि तशी अपेक्षा करण्याचा अनुवादकाला अधिकारही नाही.

आमच्या घरातल्या त्या सुपाला अजून नाव पडलेले नाही. गेल्या थंडीत मुलीचा पुण्याहून दूरध्वनी आला. मैत्रीण दोन दिवसांसाठी येणार होती. “आई, ते पारीवाचूनचं कसं करायचं ते सांग,” ती म्हणाली. मी प्रमाण सांगितले, डाळ भरड वाटायला सांगितली, पाणी घालू नको म्हणून बजावले. पहिला गोळा एकटा सोडायचे सांगणार होते, तोच ती म्हणाली, “ते माहीत आहे.”

मैत्रिणीला ते कसे वाटले हे तिने कळवले नाही, आणि मीही विचारले नाही. चार दिवसांनी पुन्हा दूरध्वनी आला तो एवढेच विचारायला की डाळ रात्रभर भिजत राहिली तर चालते का. थंडीत चालते, असे मी सांगितले.